आनंदनगरीतले दुकान आणि त्याचा हिशेब

संक्रांतीचा सुमार आला की नांदेड-लातूरकडच्या शाळांतून आनंदनगरीची तयारी सुरू होते. मुले पटांगणात दुकाने मांडतात. कुणी भेळ करते, कुणी चहा, कुणी मेथी-पालकाच्या जुड्या घेऊन बसते. शाळेला पाण्याची टाकी हवी, पुस्तकांना कपाट हवे, म्हणून आयाबायाही घरी केलेल्या वस्तूंचे एक दुकान लावतात. बेत चांगला आहे. पण भगिनींनो, त्यात एक चूक हमखास होते, ती आधी सांगते.

समजा, गावातल्या एका दुकानदाराने शाळेला वीस मीटर मांजरपाट दिला. ३६ इंची पन्ह्याच्या एका मीटरमध्ये बंदांसकट दोन बाजारपिशव्या बसतात. बायकांनी आठ रात्री जागून ४० पिशव्या शिवल्या. ३० रुपयांना एक, अशा साऱ्या विकल्या गेल्या. १२०० रुपये जमले, टाळ्या झाल्या. पण ते कापड ६० रुपये मीटरचे असेल तर कापडच १२०० रुपयांचे होते, दोरा वेगळाच. दुकानदाराने कापडाऐवजी रोख दिले असते तरी शाळेच्या हाती तेवढेच पडले असते. मग आठ रात्रींच्या कष्टाचे काय झाले? घरचे बियाणे आणि घरची माणसे खर्चात न धरता आपण तूर परवडली म्हणतो, तशीच ही गत.

तेव्हा सुईत दोरा ओवण्याआधी वहीत चार ओळी लिहा : कापड किती रुपयांचे, दोरा-नाडी कितीची, वेळ किती, भाव काय. दान आलेल्या वस्तूचीही किंमत धरा. हीच पिशवी ५० रुपयांना विकली तर २००० रुपये येतात. कापडाचे १२०० आणि दोऱ्याचे समजा ८० वजा जाता ७२० रुपये उरतात. ही तुमच्या हातांची कमाई. गिऱ्हाईक ५० रुपये देणार नसेल तर भाव पाडू नका, कापड बदला. जुने सुती लुगडे, शिंप्याकडची कातरण यांतून चांगले काम होते. लुगड्याचा विरलेला भाग टाकून द्या आणि काठ पिशवीच्या तोंडाला लावा. पिशवीत पाच किलो ज्वारी घालून ती रात्रभर खुंटीला टांगा. सकाळी टाका उसवलेला दिसला तर ती विकायला ठेवू नका. शाळेची म्हणून लोक एकदा घेतील, पण बाजारात बंद तुटला तर पुढच्या वर्षी फिरकणार नाहीत.

वस्तू घरात लागणारीच करा. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून कापडी पिशवी घरोघर लागते. दुसरे मोठे गिऱ्हाईक हळदीकुंकवाचे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायकांना वाण लुटायचे असते, आणि ते एकेक नव्हे, डझनावारी लागते. लहान बटवे, रुमाल, दुरड्यांवरची झाकणे बारा-बाराचे गठ्ठे बांधून ठेवा. मात्र दुकान संक्रांतीच्या आधी लागले पाहिजे. शाळेचा कार्यक्रम २६ जानेवारीला असेल तर पंचांग पाहा. एखाद्या वर्षी रथसप्तमी त्याआधीच होऊन जाते. वेळ अमावास्येच्या आदल्या दिवशी तर काही ठेवूच नका. घरोघरी भज्जी-आंबिलीची गडबड असते आणि दुसऱ्या दिवशी सारे गाव शेतात असते.

किनवट, मुखेड, जळकोट या भागांतल्या तांड्यांवर आरसे-कवड्यांचे सुरेख भरतकाम करणाऱ्या बाया आहेत. त्यांचे काम दुकानात जरूर ठेवा, पण शाळेच्या नावाखाली फुकट मागू नका. तिची मजुरी आधी तिच्या हाती द्या, वरचे शाळेला घ्या. ज्या घरात रोजच्या मजुरीवर चूल पेटते, त्या घरची आठ दिवसांची मेहनत ही वर्गणी नव्हे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांतल्या मुलांसाठी गावोगावच्या बायका मूठ-मूठ धान्य बाजूला काढत. त्याला मुष्टिफंड म्हणत. मूठ प्रत्येकीला झेपणारी होती. आपल्या दुकानातही कुणी शिवेल, कुणी कातरेल, कुणी नुसती बटणे लावील. ज्या मुलाच्या घरून पैसे येणे शक्य नाही, त्याची आईही मग मान वर करून पटांगणात येते.

दुकानावर मुलांनाच बसवा. एकाने वस्तू द्यावी, दुसऱ्याने पैसे घ्यावेत, तिसऱ्याने लिहावे. सुटे पैसे आदल्या दिवशीच आणून ठेवा आणि किती आणले ते वहीत पहिल्या ओळीत लिहा, नाहीतर संध्याकाळी तेच नफ्यात मोजले जातात. संध्याकाळी सर्वांदेखत पैसे मोजा, शाळा व्यवस्थापन समितीकडे भरून पावती घ्या. दुसऱ्या दिवशी विक्री, खर्च आणि उरलेले पैसे हे तीन आकडे मुलांच्या हातून फळ्यावर लिहवून घ्या. गावाने ते वाचले की पुढच्या वर्षी कापड मागायला तुम्हाला दारोदार फिरावे लागणार नाही.