लष्करी विमानांचा सार्वजनिक मागोवा

लष्करी विमानांचा सार्वजनिक मागोवा म्हणजे या विमानांतून प्रसारित होणारे खुले रेडिओ संदेश टिपून त्यांचा मार्ग नकाशावर पाहणे होय. एडीएस-बी प्रणालीत विमान उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान ठरवते आणि ते उंची, वेग व ओळखक्रमांकासह १०९० मेगाहर्ट्‌झवर प्रसारित करते. हे संदेश कूटबद्ध नसल्याने हौशी व्यक्तीही ते लहान रिसीव्हरने टिपू शकतात. फ्लाइटरडार२४, एडीएस-बी एक्सचेंज यांसारखी संकेतस्थळे ही माहिती एकत्र करतात. संदेशात स्थान नसल्यास तो निरनिराळ्या रिसीव्हरांपर्यंत पोहोचण्याच्या वेळेतील सूक्ष्म फरकावरून स्थान काढता येते.

२ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तत्कालीन सभापती नॅन्सी पेलोसी यांना क्वालालंपूरहून तैपेईला नेणारे हवाई दलाचे विमान दक्षिण चीन समुद्र टाळून फिलिपिन्सच्या पूर्वेकडून गेले. फ्लाइटरडार२४वर हे उड्डाण सुमारे २९ लाख लोकांनी पाहिले.

नागरी विमानांशी टक्कर टळावी म्हणून लष्करी विमानेही असे संदेश प्रसारित करतात. मोहिमेवर असताना मात्र ते बंद ठेवता येतात. त्यामुळे नकाशावर विमान न दिसणे हा त्या भागात विमान नसल्याचा पुरावा ठरत नाही.