जुनी लिनक्स प्रणाली : डागडुजी कीं नवी मांडणी?

घरांतील जुना संगणक कित्येक वर्षांनीं उघडला जातो. त्यांत वडिलांचीं पत्रें, लग्नाचीं छायाचित्रें आहेत; प्रणाली मात्र डेबियन ८, म्हणजे २०१५ सालची. ती चढवीत आजच्या आवृत्तीपर्यंत न्यावी, कीं पुसून नव्यानें बसवावी?

चढविण्याचा मोह स्वाभाविक आहे; मांडलेला संसार कोण मोडील? अंतर एकाच आवृत्तीचें असेल, तर खुशाल चढवावी. परंतु डेबियनमध्यें मधली पायरी गाळतां येत नाहीं. ८ वरून ९, १०, ११, १२ आणि २०२५ सालीं निघालेली १३, अशा पांच पायऱ्या होतात. जुन्या आवृत्त्यांचीं पॅकेजें नेहमींच्या सर्व्हरवरून संग्रहांत गेलेलीं. त्यांचे पत्ते हातानें बदलावे लागतात. बाहेरून आणलेलें एखादें पॅकेज मध्येंच अडतें, आणि तिसऱ्या पायरीवर अडकलेला संगणक ना जुना राहतो ना नवा. प्रोसेसर ३२ बिटांचा असेल तर १२ वरच थांबावें लागतें. १३ मध्यें त्या यंत्रांसाठीं कर्नलच नाहीं.

अशा वेळीं नवी मांडणीच बरी. तिचें खरें काम आधींचें असतें. ‘होम’ आणि ‘इटीसी’ या फोल्डरांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, पॅकेजांची यादी करावी (याचा कंटाळा सर्वांनाच येतो). जुनें ‘इटीसी’ नव्यावर सरसकट ओतूं नये. हवी ती ओळ पाहून उतरवावी. प्रतींतलें एखादें पत्र दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याखेरीज जुनी डिस्क पुसूं नये. नवी डिस्क परवडत असेल, तर जुनी तशीच काढून कपाटांत ठेवावी.