पीडित मुलांसाठी सरकारी पैसा: कुठून येतो, कसा मिळतो

सातारा असो वा सांगली, अत्याचार झालेल्या मुलासाठी पहिली दारे दोनच: जिल्ह्याची बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष. त्यांचा खर्च ‘मिशन वात्सल्य’ या बाल संरक्षणाच्या केंद्रीय योजनेतून भागतो. महाराष्ट्रात त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०.

पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या २०२० च्या नियमांत एक मोलाची तरतूद आहे. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समिती विशेष मदतीची शिफारस करू शकते आणि ती रक्कम आठवडाभरात द्यावी लागते. गुन्हा सिद्ध होण्याची वाट पाहायची नाही. हे पालकांना पोलीस ठाण्यातच सांगितले गेले पाहिजे. न्यायालय खटला चालू असतानाही अंतरिम भरपाई देऊ शकते. आदेश मिळाल्यावर राज्याला मुदत ३० दिवसांची.

राज्याची ‘मनोधैर्य’ योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून आहे. निर्णय जिल्हा विधी सेवा प्राधिकरण घेते. गंभीर प्रकरणांत मदत १० लाख रुपयांपर्यंत. पैकी बराचसा भाग मुदत ठेवीत राहतो. उपचार आणि शाळा मात्र आजच्या खर्चाच्या गोष्टी आहेत.

घरचा आधार तुटलेल्या मुलांसाठी बाल संगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपयांची. तिला नाव सावित्रीबाई फुले यांचे.

मदतीसाठी मोफत क्रमांक: १०९८, दिवसरात्र.