चोच कापून टोचाटोची थांबत नाही

फार्मवरची अंड्याची कोंबडी साधारण दीड वर्षाची झाली आणि अंडी घटली, की तिची रवानगी कापायलाच होते. तिथून वाचवलेली एखादी कोंबडी गोंदियातल्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, गावरान कोंबड्यांत सोडली, की टोचाटोची सुरू होते. मग शेजारीपाजारी सांगतात, ‘फार्मची जातच भांडखोर, चोच कापा.’ निदान चुकीचे आणि उपाय त्याहून वाईट.

बहुतेक वेळा मार खाणारी नवीच कोंबडी असते. डोक्यावर, तुऱ्यावर बसणाऱ्या टोचीतून कळपातली वरची-खालची जागा ठरते. नॉर्वेचे थोरलेफ श्येल्डेरुप-एबे यांनी 1922 मध्ये ही उतरंड शास्त्रीय शोधनिबंधात मांडली. रक्त येत नसेल, तर मध्ये पडू नये. सहसा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत हे शमते.

पाठीची आणि शेपटीची पिसे उपटून खाणे हे मात्र भांडण नव्हेच. मोकळ्या कोंबडीचा दिवसाचा मोठा भाग माती उकरण्यात आणि टिपण्यात जातो. पिंजऱ्यात ती सोयच नसते. केंद्राच्या 2023 च्या नियमांनी एका कोंबडीला किमान 550 चौरस सेंटीमीटर जागा ठरवली. ए-4 कागदही याहून मोठा असतो. उकरायला काही नसले, की चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते.

धानाच्या या जिल्ह्यात दुसरे कारण खाद्यात सापडते. घरी कणी आणि कोंडा मुबलक, म्हणून तेच पूर्ण खाद्य समजले जाते. पण अंड्यावरच्या कोंबडीला 16 ते 18 टक्के प्रथिने लागतात. कणीत ती जेमतेम 8 टक्के असतात, कोंड्यात थोडी जास्त. फार्मचे संतुलित खाद्य सोडून एकदम कणीवर आलेली कोंबडी प्रथिनांसाठी पिसे खाऊ लागते, कारण पीस जवळपास सगळे प्रथिनांचेच असते. लेअरचे, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचे, खाद्य चालू ठेवावे, जोडीला उधई (वाळवी), अझोला द्यावा. तणीस पसरून त्यात दाणे टाकावेत, म्हणजे चोचीला काम मिळते. मिठाची कमतरता हेही एक कारण असते, पण पाण्यात अंदाजाने मीठ कालवू नये. जास्त मीठ कोंबडीला विषारी ठरते.

चोचीत नसा असतात. ती कापली की वेदना होतात, दाणा टिपणे अवघड होते आणि मूळ कारण तसेच राहते. पिसे गळलेली प्रत्येक कोंबडी टोचलेलीच असते असेही नाही. अंगावर नवी खुंटे दिसत असतील, तर ती पालटावर, म्हणजे जुनी पिसे टाकून नवी घेत, असू शकते.

नव्या कोंबड्या आल्या आल्या कळपात सोडू नयेत. राणीखेतसारखे रोग पसरू नयेत म्हणून दोन ते चार आठवडे त्यांना दूर ठेवावे, मग काही दिवस जाळीपलीकडून ओळख होऊ द्यावी. शेवटी अंधार पडताना त्यांना खुराड्यात घ्यावे, शक्यतो एकीला एकटी नव्हे. खाद्य-पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी असावीत.

रक्त दिसले, तर मात्र थांबू नका. लाल रंगावर बाकीच्या तुटून पडतात. जखमी कोंबडी लगेच वेगळी करा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.