आगगाडी दमली, सायकलींचं फावलं!

मुलांनो, आगगाडी कशाला घाबरते, सांगा पाहू? चढाला! एसटी घाट चढून जाते, पण शेकडो माणसं ओढणारं इंजिन जरासा चढ लागला की धापा टाकतं.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर स्कारबरो आणि व्हिटबी अशी दोन गावं आहेत. १८८५ साली त्यांच्यामध्ये समुद्राच्या कडेने रेल्वे सुरू झाली. वाटेतलं रेवनस्कार स्टेशन समुद्रापासून जवळजवळ १९० मीटर उंच. तिकडे जाताना एके ठिकाणी ३९ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर चढायचं. एवढंच! चालताना तुम्हाला हा चढ जेमतेम जाणवेल. पण समुद्रावरून खारं धुकं आलं आणि रूळ ओले झाले, की इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगर फिरायची. गाडी काही पुढे सरकायची नाही. मग ती मागे नेऊन, वेग घेऊन पुन्हा चढवायची!

असं का? चाक पोलादाचं, रूळही पोलादाचा. दोन्ही टणक आणि गुळगुळीत. म्हणून तर चाक सहज घरंगळतं आणि थोड्या कोळशात केवढं तरी ओझं ओढता येतं. पण त्याच गुळगुळीतपणामुळे पकड कमी पडते. यावर उपाय वाळूचा! चाक घसरू लागलं की ड्रायव्हर नळीतून कोरडी वाळू थेट चाकापुढे सोडतो. आजच्या विजेच्या इंजिनांतही वाळू असते बरं का.

तरीही चढ नकोच. म्हणून टेकडी आली की कापा, खोलगट जागा आली की भराव घाला! व्हिटबीजवळ एस्क नदीवर तर १३ कमानींचा पूल बांधला, सुमारे ५० लाख विटांचा.

१९६५ मध्ये ही रेल्वे बंद झाली. रूळ उखडले, पण एवढ्या कष्टाने केलेली सौम्य चढाची वाट कुठे जाणार? आज या सुमारे ३४ किलोमीटरच्या ‘सिंडर ट्रॅक’वर लोक चालतात, सायकली चालवतात, घोड्यावरूनही जातात. हे नाव का? इथे रुळांखाली दगडी खडीऐवजी कोळशाचे जळके तुकडे, म्हणजेच ‘सिंडर’, अंथरले होते. असा तुकडा हलका असतो आणि त्याला बारीक बारीक भोकं असतात, त्यामुळे पाणी झटकन झिरपून जातं.

आता पकडीची गंमत स्वतः करून बघा. स्टीलच्या कोरड्या ताटात स्टीलचा चमचा आणि खोडरबर शेजारी शेजारी ठेवा. ताट हळूहळू तिरकं करा. आधी कोण घसरलं?