‘व्याही’ शब्दाचा अर्थ आणि आपला व्यवहार

नात्यांच्या शब्दांत ‘व्याही’ हा शब्द मोठा मार्मिक आहे. मुलाच्या किंवा मुलीच्या सासऱ्यास व्याही आणि सासूस विहीण म्हणावयाचें, हें वाचकांस ठाऊकच आहे. मूळ संस्कृत शब्द ‘वैवाहिक’, म्हणजे विवाहानें जोडलेला. त्याचेंच गुजराथींत ‘वेवाई’ झालें. हिंदींतील ‘समधी’ मात्र ‘संबंधिन्’ पासून निघाला. आमच्या खानदेशास एका अंगानें गुजराथ व दुसऱ्या अंगानें मध्यप्रदेश लागलेला. शिवाय धुळें-जळगांवकडील अहिराणी बोलणारा शेतकरी ‘याही’ म्हणतो, तो निराळाच!

पण खरी मौज पुढेंच आहे. सासरा-जांवई, मामा-भाचा या जोड्यांत दोघांस दोन नांवें आहेत. व्याह्याचें तसें नाहीं. साडूप्रमाणेंच, मी ज्याचा व्याही तो माझाही व्याही. वरपिता व वधूपिता यांत भाषेनें उच्चनीच भाव ठेवलाच नाहीं.

भाषेनें जो ठेवला नाहीं, तो रूढीनें ठेवला. ‘विहिणीची पंगत’ म्हटलें कीं कोणती विहीण, असें कोणी विचारीत नाहीं. ती वराचीच आई! सन १९६१ च्या कायद्यानें हुंडा बंद केला. पण मानपानाचा हिशेब कोणत्या कायद्यानें बंद व्हावा?

दुसऱ्यास कशाला हंसावें? माझ्या मुलाच्या लग्नांत मीही वरपिता म्हणून पाटावर बसलों होतों, आणि माझे व्याही, वयानें माझ्याहून वडील, हातांत तुपाची वाटी घेऊन आग्रह करीत वांकले होते. त्यांत मला कांहींच वावगें वाटलें नाहीं. पुढें एके दिवशीं सूनबाईनें सहज विचारलें, “मामंजी, माझे बाबा आपले कोण?”

“व्याही.”

“आणि आपण त्यांचे?”

“व्याहीच.”

ती कांहीं न बोलतां आंत गेली. चाळीस वर्षें मुलांस शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या मला त्या दिवशीं एका शब्दाचा अर्थ कळला.

यंदा दिवाळीस व्याही धुळ्याहून आमच्याकडे जळगांवीं आले. त्या दिवशीं तुपाची वाटी मीं हातीं घेतली. ते संकोचून उठूं लागले, तेव्हां मीं म्हटलें, “बसा व्याहीबुवा, आज पाळी माझी!”