हुतूतूचे पटांगण आणि लीगची शिडी

कबड्डीची लीग पाहताना आपल्या बडोदेकर मंडळींच्या मनात किंचित अभिमान डोकावला, तर तो अस्थानी नव्हे. गावोगाव निरनिराळ्या नियमांनी चालणाऱ्या हुतूतूला शिस्त लावून 1923 साली अखिल भारतीय सामने भरविले ते बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने. पुढे अनेक दशके या खेळातून फार तर रेल्वेत वा पोलीस दलात नोकरी लाभे. 2014 मध्ये प्रो कबड्डी लीग आली आणि हिशेबच पालटला. पहिल्या लिलावात राकेश कुमार या अव्वल खेळाडूस 12.80 लाख रुपये मिळाले. 2023 मध्ये पवन सेहरावतवर 2.60 कोटींहून अधिक बोली लागली.

तथापि, मला या आकड्यांहून खालची पायरी महत्त्वाची वाटते. पुणेरी पलटणने ‘युवा पलटण’ उभारून कोवळ्या मुलांना घडविले. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत हे त्यातूनच वर आले. 1 मार्च 2024 रोजी हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे नमवून पलटण विजेती ठरली, तेव्हा कर्णधार अस्लमच होता. गुजरातच्या संघानेही 2017 मध्ये बऱ्याचशा नवख्या खेळाडूंनिशी पदार्पणातच अंतिम फेरी गाठली होती. तयार नावे विकत घेण्यापेक्षा हा मार्ग कष्टाचा खरा, पण त्यातच खेळाचे हित आहे.

कोयलीत रिफायनरीच्या परिसरात व्यवसाय करताना पालक मला विचारतात, “डॉक्टरसाहेब, मुलाला कबड्डीत घालू का?” मी नकार देत नाही, मात्र गुडघ्याविषयी अवश्य बोलतो. चढाईपटूचा घोटा पकडला जातो, धड वळते आणि अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट तुटते. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यास पुन्हा दुखापतीचा धोका बराच अधिक असतो. निवड चाचणी तोंडावर आलेल्या सोळा वर्षांच्या मुलास हे पटविणे शस्त्रक्रियेहून कठीण! खुद्द अस्लमलाही 2024 चा हंगाम गुडघ्यापायी अर्धवट सोडावा लागला. 2025 मध्ये तो पुन्हा कर्णधार म्हणून उतरला. पण त्याच्यामागे संघाचे वैद्यकीय पथक होते. तालुका पातळीवरील मुलामागे कोण असते?

उडी मारून नीट टेकणे, तोल, मांडीच्या मागील स्नायूंची ताकद यांचा सरावापूर्वीचा नियमित व्यायाम अशा दुखापती लक्षणीय घटवितो, हे फुटबॉलमधील अभ्यासांनी दाखविले आहे. त्यास ना यंत्र लागते ना खर्च. शाळांच्या संघांना तो शिकविण्यास आपल्या मंडळाला हंगामापूर्वीचा एक रविवार पुरेल.